जिथली वाळू तिथं

१

त्या दिवशी वारा पडला होता आणि समुद्रापलीकडच्या वाळवंटाची धूळ सकाळपासून बेटावर येऊन बसली होती. उकाडा भट्टीसारखा, पण उन्हाला रंग नव्हता आणि कशाचीच सावली पडत नव्हती. डोंगर दिसत नव्हते. बकऱ्या चरायचं सोडून भिंतीला टेकून उभ्या होत्या. अशा दिवशी आमच्याकडे माणसं फटींना ओली फडकी लावून घरात बसतात आणि कुणाशी भांडायचं असलं तरी ते उद्यावर ढकलतात.

मला मात्र वाळू परत न्यायची होती.

ओतिलियाचे, म्हणजे माझ्या बायकोचे, पाय दोन वर्षांपासून गेले होते. गेले म्हणजे जागेवर होते, पण तिचं ऐकत नव्हते. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या ती घेत होती. पण पायांवर आमच्या आईबापांपासून चालत आलेलं औषध एकच, काळी वाळू. भर दुपारी तापलेल्या काळ्या वाळूत मांड्यांपर्यंत पाय पुरून बसायचं, डोक्यावर ओलं फडकं घ्यायचं आणि वाळू निवेस्तोवर उठायचं नाही. बेटावर वाळू काही एका जातीची नाही. उत्तरेची पांढरी म्हणजे शिंपल्यांचा चुरा, ती भर उन्हातही गार. टेकडीखालची तांबडी कपड्याला डाग पाडते. तळ्याजवळची हिरवट, जड, पायाला टोचते. ऊब धरते ती काळी, आणि तीही कोळशाच्या खाडीतलीच.

ओतिलिया चालती होती तोवर आम्ही तिथंच जाऊन बसायचो. नंतर मी दोन पोती वाळू बसमधून घरी आणायला लागलो. गच्चीवर पत्र्यावर पसरून तापवायची, अंगणात लाकडी डोणीत तिचे पाय ठेवून वरून ओतायची, आणि दिवस मावळायच्या आत पुन्हा खाडीवर नेऊन टाकायची. नेणं चुकवायचं नाही. का, ते मला कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. ज्या वाळूनं दुखणं घेतलं ती घरात ठेवू नये, दुसऱ्याच्या जागेत टाकू नये, एवढंच. जिथली वाळू तिथं. बसचा ड्रायव्हर म्हणायचा, चो मार्सियाल, तुमच्या पोत्यांना आता खिडकीजवळची जागा राखून ठेवतो. म्हाताऱ्याला आमच्याकडे ‘चो’ म्हणतात आणि म्हातारीला ‘सेन्या’.

त्या दिवशी सकाळच्या बसनं वाळू आणली होती, पण दुपारी धुळीमुळे बस बंद झाली. खाडी चालत तीन तासांवर, आणि माझं वय अठ्ठ्याहत्तर. मी पोती हातगाडीवर घातली आणि घराखालच्या किनाऱ्यापर्यंत आलो. हा किनारा पिवळा आहे, म्हणजे मुळात आमचा नाहीच. चाळीस वर्षांपूर्वी इथं नुसते काळे धोंडे होते. हॉटेलवाल्यांनी पलीकडच्या वाळवंटातली वाळू जहाजानं आणून पसरली. ती उतरवायला फावडं घेऊन मी होतो, आणि तेव्हापासून रोज सकाळी पाहुणे उतरायच्या आत दाताळ्यानं ती सारखी करायचं काम माझं. मी मनाशी म्हटलं, ही वाळू परकी. इथं कुणाचंच काही नाही. मग इथं टाकली तर कुणाच्या जागेत टाकल्यासारखं होणार?

किनाऱ्याच्या वरच्या अंगाला दगडी बांध आहे, त्याच्याजवळ हातभर खोल खड्डा केला, दोन्ही पोती रिकामी केली आणि वर पिवळी ओढून घेतली. घरी आल्यावर ओतिलियानं विचारलं, खाडीवर समुद्र कसा होता. मी म्हटलं, शांत होता.

पन्नास वर्षांत मी तिच्याशी खोटं बोललो नव्हतो असं नाही. पण समुद्राबद्दल कधी खोटं बोललो नव्हतो.

२

दुसऱ्या दिवशी पहाटेच धूळ खाली बसली. मी दाताळं घेऊन गेलो. दाताळं चांगलं पुरुषभर रुंद आहे, दात लाकडाचे. पाण्याशी समांतर ओढत जायचं, टोकाला वळायचं, परत ओढत यायचं. घाई केली की रेघ वाकडी होते. मला घाई नसते.

तिसऱ्या फेरीला दोन काळे डाग दिसले. मुठीएवढे, शेजारीशेजारी. जळके कोळसे असतील म्हणून वाकून पाहिलं, तर काळी वाळू. मी म्हटलं, वाऱ्यानं उघडी पडली. मग लक्षात आलं की काल वारा नव्हता, आणि मी खड्डा केला होता तो बांधाजवळ; हे डाग त्याच्यापासून दहा पावलं पाण्याकडे होते. हातगाडीतून सांडली असेल, म्हटलं. दाताळं फिरवलं. काळी पिवळीत मिसळून गेली.

मी घरी आलो की ओतिलिया माझ्या पँटचे दुमडलेले काठ उलटे करून झटकायची आणि जमिनीवर काय पडतं ते बघून मी कुठं कुठं हिंडून आलो ते सांगायची. तिचं कधी चुकलं नाही. त्या दिवशी तिनं आधी आदल्या संध्याकाळची पँट झटकली होती. म्हणाली, हिच्यातून काळी काहीच पडली नाही. मी म्हटलं, बांधावर झटकूनच आलो.

मग एकदम म्हणाली, आज अंगठ्याला काहीतरी लागलं. गार.

दोन वर्षांत त्या अंगठ्याला काही लागलं नव्हतं. सुई टोचली तरी कळत नव्हतं. मी गोफियोचं, म्हणजे भाजलेल्या मक्याचं, पीठ दुधात कालवत होतो, ते भांडं तसंच ठेवलं आणि तिच्या पायांपाशी बसलो. ती हसत होती, मीही हसलो. काळे डाग मी विसरून गेलो. खरं म्हणजे विसरलो नाही, बाजूला ठेवले.

३

चौथ्या दिवशी कळलं, ते दोन डाग म्हणजे टाचा; त्यांच्या मागं आता दोन लांब पट्टे होते. टाचा पाण्याकडे, पट्टे बांधाकडे. पाय पसरून समुद्राकडे तोंड करून कुणी बसावं, आणि उठून गेल्यावर त्याच्या पोटऱ्यांखालची तेवढी वाळू काळी व्हावी, तसं. येण्याची पावलं नव्हती, जाण्याची नव्हती. माझ्या कालच्या रेघा चहूबाजूंनी जशाच्या तशा होत्या. आणि सगळंच आता पहिल्या जागेपासून आणखी आठ पावलं खाली सरकलं होतं.

मी तिथं बराच वेळ उभा राहिलो. शाळेत गेलो नाही, पण वाळू मला कळते. वाळू हलली की जड खाली जातं, हलकं वर येतं. काळी जड असते. ती वर यायला नको. आली तरी गोळा होऊन यायला नको. मी दाताळं फिरवलं.

घरी ओतिलिया म्हणाली, पायाला पाणी लागतंय. घोट्यापर्यंत येतं आणि जातं.

चादर कोरडी होती. गादी कोरडी. मी तिची पावलं हातात घेतली, तर तळवे पांढरे पडलेले आणि बोटांची कातडी सुरकुतलेली. दिवसभर धुणं धुणाऱ्या बाईच्या हातांची होते तशी. दवाखान्यातली नर्स आली, तिनं छाती तपासली, काळीज तरण्या माणसासारखं आहे म्हणाली, रात्री मोजे घालत जा म्हणाली.

शेजारची फेफा हॉटेलच्या लाँड्रीत कामाला आहे. संध्याकाळी ती आमच्यासाठी रश्शाचं भांडं घेऊन येते. समोरचा ऐंशीचा असला तरी त्याला ‘माझ्या पोरा’ म्हणायची तिला सवय. तिनं ते तळवे पाहिले आणि म्हणाली, “सेन्या ओतिलिया, आमच्या नकळत पोहायला जाता वाटतं? जा, जा. बिकिनी पाहिजे तर लाँड्रीत मेमांच्या विसरलेल्या पडल्यात ढीगभर.”

ओतिलिया पोट धरून हसली. मी उठून आत गेलो आणि भांडं घासत राहिलो. ते आधीच घासलेलं होतं.

४

मग मी तो खड्डा उकरला. उजाडलं न उजाडलं तोच गेलो आणि बांधाजवळ तीच खूण धरून खणायला लागलो. हातभर गेलो, कमरेइतका गेलो. सगळी पिवळी. दोन पोती काळी वाळू मी माझ्या हातांनी ओतली होती. तिचा एक कण नव्हता.

किनाऱ्याची देखरेख करणारा येराय आला. चांगला माणूस आहे, बापाला मी ओळखतो. म्हणाला, चो मार्सियाल, कुणाला पुरताय? पाहुणे वरून खिडकीतून बघतात, त्यांना काय सांगू? मी म्हटलं, अंगठी हरवली. त्यानं माझ्या बोटाकडे पाहिलं. अंगठी बोटातच होती. तो फावडं घेऊन खड्डा बुजवू लागला.

दुपारचा मी कधी किनाऱ्यावर थांबत नाही. माझं काम नऊला संपतं. त्या दिवशी बारा वाजता गेलो आणि बांधावर बसलो. किनारा भरलेला होता. छत्र्या, टॉवेल, तेल चोपडलेल्या पाठी, कुठं पाय ठेवायला जागा नाही. फक्त एका ठिकाणी माणूस बसेल एवढी जागा मोकळी होती. तिथं काही नव्हतं. पण कुणी तिथं टॉवेल टाकत नव्हतं. आईसक्रीम विकणारा सरळ चालत आला, आणि त्या जागेपाशी थोडा बाजूला होऊन, मान किंचित झुकवून पुढं गेला. आपण कुणाच्या समोरून जाताना झुकवतो तशी.

त्याला विचारावं असं मनात आलं. विचारलं नाही. त्यानं जर म्हटलं असतं की कुणीच नव्हतं, तर मला बरं वाटलं असतं की वाईट, ते मला ठरवता येईना.

५

काळी वाळू वेचून काढायची आणि खाडीवर नेऊन टाकायची, एवढाच मार्ग होता. चाळणीनं होत नाही, दोन्हींचे कण सारख्याच मापाचे. पण काळ्या वाळूत लोखंड असतं. जुन्या रेडिओच्या स्पीकरमधला लोहचुंबक काढला, फडक्यात गुंडाळला आणि रोज सकाळी त्या डागांवरून फिरवायला लागलो. फडक्याला काळी मिशी फुटायची, ती पिशवीत झटकायची. तीन सकाळी गुडघ्यांवर बसून हेच केलं. शेरभर जमली असेल. डाग तेवढेच राहिले. उलट आता मांड्या आल्या होत्या, बैठक आली होती, मागं टेकलेल्या एका तळहाताचा ठसा आला होता. पाणी तिथून पाच पावलांवर होतं.

चौथ्या दिवशी पिशवी मांडीवर घेऊन बसनं खाडीवर गेलो.

तिथं वाळू नव्हती. नुसते गोटे, माणसाच्या डोक्याएवढे, ओले, एकावर एक. हिवाळ्यात समुद्र त्या खाडीतली सगळी वाळू ओढून नेतो आणि उन्हाळ्याच्या तोंडाला आणून टाकतो, हे मला माहीत आहे. पण अजून ऑक्टोबर होता. दहा दिवसांपूर्वी मी तिथूनच पोती भरली होती. दरवर्षी जाते, यंदा लवकर गेली, म्हटलं. पण परत नेऊन टाकायची ती कुठं? मी गोट्यांच्या फटीत पिशवी उपडी केली. एक लाट आली आणि फट धुऊन गेली.

परत आलो तेव्हा ओतिलिया उशांना टेकून बसली होती. तिनं माझी पँट मागितली नाही. तिच्या ओठांना भेगा पडल्या होत्या, दिवसभर खारं वारं खाल्ल्यासारख्या. म्हणाली, आता मांडीपर्यंत येतं. उठता येत नाही. मग माझ्याकडे बघून विचारलं,

“वाळू कुठं टाकलीस, मार्सियाल?”

मी सांगितलं. बस बंद होती, गुडघे दुखत होते, पिवळी वाळू कुणाची नव्हती, सगळं सांगितलं. तिनं मधे तोडलं नाही. ती रागावली असती तर बरं झालं असतं. खिडकीबाहेर बघत हळू म्हणाली,

“तिथं मला कुणी ओळखत नाही रे. त्यांची बोली कळत नाही मला. एक तू येतोस सकाळचा. येतोस, आणि माझ्यावरून दाताळं फिरवून जातोस.”

मी म्हटलं, उद्या फिरवणार नाही. एवढंच सुचलं मला. पन्नास वर्षांच्या संसारात तिला द्यायला माझ्याजवळ एवढंच उरलं होतं.

६

नाही फिरवलं. सकाळी गेलो आणि दाताळं बांधाला उभं करून ठेवलं. आदल्या दिवसाची पावलं, डबे, सिगरेटची थोटकं, सगळं तसंच. पाण्याच्या अगदी काठाला ती काळी आकृती पुरी झाली होती. दोन्ही तळहात, पाठ, मान, सगळं. माणूस मागं पडून राहिलं आणि मग पुन्हा उठून बसलं, असं. लाट आली, तिच्यावरून गेली, आणि वाळू होती तशीच राहिली. वाळूवरून लाट गेली आणि वाळू हलली नाही असं मी जन्मात पाहिलं नव्हतं.

येराय येऊन म्हणाला, आज रेघा नाहीत. मी म्हटलं, बरं नाही. तो म्हणाला, घरी जा मग. मी नाही गेलो, बांधावरच बसून राहिलो. वाटलं, ओळखीचं एक माणूस तरी इथं असू दे.

पाहुणे आले, छत्र्या उघडल्या. ऊन डोक्यावर आलं. पाण्याचं तेज एवढं की डोळे मिटून मिटून बघावं लागत होतं. दोन छत्र्यांच्या मधून पाण्याचा काठ दिसत होता, आणि मला आधी फक्त डोक्याला बांधलेला रुमाल दिसला. मग खांदे, आणि किंचित डावीकडे कललेली मान. समोरून एक जाडा गृहस्थ गेला, आणि तो गेल्यावर ती पाठ तिथंच होती. कपडे भिजून अंगाला चिकटलेले. लाट आली ती तिच्यावर फुटली नाही. दोन बाजूंनी वळसा घालून मागं एक झाली.

डोळ्यांवर विश्वास ठेवायचं माझं वय राहिलं नाही. मी स्वतःला म्हटलं, बाया काय, पाठमोऱ्या सारख्याच दिसतात. म्हटलं, एखादी पाहुणी असेल. म्हटलं, ओतिलिया घरी आहे, तिला तू सकाळी कॉफी पाजून आलास.

मग तिनं दोन्ही हात मागं वाळूत टेकले. बसलेलं माणूस उठायच्या आधी टेकतं तसे.

ती उठलेली मी पाहिली नाही. मी घराकडे निघालो. पळालो असं म्हणवत नाही, पण वाटेत दोनदा पडलो.

७

ओतिलिया खाटेवर उताणी होती. दोन्ही तळहात गादीत दाबलेले. गादी कोरडी, चादर कोरडी, खोलीत मात्र ओल्या दगडांचा वास. डोळे उघडे होते, पण माझ्यावर नव्हते. मी हाक मारली. तिनं ओ दिली नाही. मी तिचा एक हात गादीवरून सोडवून माझ्या हातात घेतला. गार नव्हता. दमल्यासारखा होता.

तिचा श्वास चालू होता. येत होता, थांबत होता, जात होता. ओहोटीला लाटा येतात तसा. प्रत्येक वेळी आधीच्यापेक्षा थोडा अलीकडे थांबायचा. मी मोजले नाहीत. मग एकदा गेला, आणि पुढचा यायला उशीर लागला. मी वाट पाहिली. आयुष्यभर मला वाट बघायचीच सवय आहे. मी हात सोडला नाही. भिंतीवर उन्हाचा तुकडा होता, तो सरकत सरकत कपाटापर्यंत गेला, कपाटावर चढला, दिसेनासा झाला. बाहेर कुणाच्या तरी बकऱ्या गेल्या. मी वाटच बघत होतो.

पाचच्या सुमाराला दाराशी चपला वाजल्या. कुणाला तरी सांगायला हवं होतं. ओतिलियाचा हात तिच्या छातीवर ठेवला, उठलो, दार उघडलं. फेफा होती, रश्शाचं भांडं फडक्यात धरून, लाँड्रीच्या वाफेनं तोंड लाल झालेलं. मी काही सांगायच्या आत तिनंच भांडं माझ्या हातात दिलं आणि हसून म्हणाली,

“एवढ्यात फिरून आलात पण, माझ्या पोरा? मघाशी लाँड्रीच्या खिडकीतून पाहिलं मी, दोघं पाण्यात उतरत होता, सेन्या ओतिलिया आपल्या पायांनी. हाक मारणार होते, पण तुम्ही तिचा हात धरला होता, म्हणून नाही मारली.”